ड्रॅक्युलाला उन्हाने कोणी मारलं?

या ब्लॉगवर एरवी मी पेटचा अभ्यास, सिनॉप्सिस, गाईडला पहिला ईमेल कसा लिहावा असल्या विषयांवर लिहिते. आज सिनेमावर लिहिणार आहे, तेही व्हॅम्पायरच्या सिनेमांवर. लगेच पान बंद करू नका. माझ्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमधली सगळ्यात लाजिरवाणी चूक मला एका व्हॅम्पायरमुळे सापडली, आणि तसली चूक तुम्हीही करणार आहात. काहीजणांनी केलीही असेल, अजून कोणी पकडली नसेल इतकंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं पीएचडीचं काम डासांच्या लाळेवर आहे. डासाची मादी चावते तेव्हा आधी लाळ सोडते, आणि त्या लाळेत रक्त गोठू न देणारी प्रथिनं असतात. आम्ही काचेच्या छोट्या भांड्यात रक्त ३७ अंशांवर गरम ठेवतो, खाली पॅराफिल्मचा पातळ पडदा ताणतो आणि ते डासांच्या पिंजऱ्यावर ठेवून देतो. थोड्या वेळात माद्या पडद्याला चिकटतात, पोटं लाल होऊन टम्म फुगतात. (नर रक्त पीत नाहीत, त्यांचं साखरपाण्यावर भागतं. मादीलाही रक्त लागतं ते अंड्यांसाठी.) असलं काम करणाऱ्या मुलीला कॉलेजात भाषणाला बोलावलं, की ती ड्रॅक्युलाची स्लाइड टाकणार हे ठरलेलंच.

तीन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला एका कॉलेजात मी तशी स्लाइड टाकली. ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची कादंबरी, तिच्यातला ड्रॅक्युला सूर्यप्रकाशाने मरतो, आणि त्याचं वैज्ञानिक मूळ म्हणजे पॉरफिरिया हा आजार, ज्यात उन्हाने त्वचा भाजते. टाळ्याबिळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरून एसवायबीएची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅम, पण कादंबरीत तर तो दिवसा लंडनमध्ये फिरतो. आणि शेवटी सुऱ्यांनी मरतो."

मी "हो का, बघते" असं काहीतरी पुटपुटले. कादंबरी मी वाचलेली नव्हती. ते वाक्य मी एका रिव्ह्यू पेपरच्या प्रस्तावनेतून उचललं होतं, आणि त्या पेपरवाल्याने ते आणखी कुठून तरी.

हॉस्टेलवर जाऊन कादंबरी वाचली. मुलगी शंभर टक्के बरोबर होती. जोनाथन हार्करला काउंट भर दिवसा पिकॅडिलीत दिसतो. दिवसा त्याच्या शक्ती कमी होतात, त्याला हवं तेव्हा रूप बदलता येत नाही, पण ऊन लागून तो जळत नाही. शेवटी कार्पेथियन डोंगरात, सूर्य मावळत असताना, हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि क्विन्सी मॉरिसचा सुरा छातीत जातो. कुकरी म्हणजे गुरखा सैनिकांची असते ना, तीच. छातीत लाकडी खुंटी ठोकायचं प्रसिद्ध प्रकरणसुद्धा ड्रॅक्युलाच्या नव्हे, लूसीच्या वाट्याला येतं.

मग उन्हाने मरायचं आलं कुठून? १९२२ सालच्या एका जर्मन मूकपटातून. त्याचं नाव 'नोस्फेरातू', दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ.

आता पॉरफिरियाकडे परत बघा. डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ती कल्पना मांडली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. उन्हाचा त्रास हा त्या मांडणीतला एक महत्त्वाचा दुवा होता. म्हणजे १९२२ सालच्या सिनेमातल्या एका शेवटाचं कारण आपण अठराव्या शतकातल्या बाल्कन खेडुतांच्या रक्तात शोधत होतो! त्या खेडुतांचे व्हॅम्पायर उन्हाने जळून मरत नव्हतेच. स्पष्टीकरण सुबक होतं, फक्त ज्याचं स्पष्टीकरण द्यायचं ती गोष्ट तिथे नव्हती. त्या रात्री मी माझ्या प्रकरणातले संदर्भ एकेक करून उघडले. स्वतः न वाचता दुसऱ्याच्या पेपरमधून घेतलेले चार निघाले. त्यातल्या एकात तर जो आकडा मी एडिस डासाचा म्हणून दिला होता तो मुळात ॲनॉफिलिसचा होता.

तर त्यानंतर मी व्हॅम्पायरचे सिनेमे बघायला लागले, आणि बघताना एक मोजपट्टी आपोआप तयार झाली. 'सर्वोत्तम व्हॅम्पायर चित्रपट' अशा याद्या तुम्ही पाहिल्याच असतील. त्यात भीती किती वाटते किंवा नाव किती मोठं आहे यावर नंबर लागतात. मी दुसरंच बघते. व्हॅम्पायर म्हणजे नियमांचा पुतळा आहे. ऊन चालत नाही, बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही, आरशात दिसत नाही, चावला की दुसरा तयार होतो. हे नियम फुकट मिळतात, सगळ्यांच्या मालकीचे आहेत. सिनेमा त्या नियमाची किंमत कोणाकडून वसूल करतो, यावर तो चांगला की नुसताच सजवलेला, हे ठरतं.

'नोस्फेरातू'पासून सुरुवात करावी लागेल, कारण ऊन तिथून आलं.

हा सिनेमा काढणाऱ्या कंपनीचं नाव 'प्राना फिल्म'. हा आपलाच 'प्राण'. निर्माता आल्बिन ग्राऊ याला गूढविद्येचा नाद होता, त्यातून ते नाव आलं. कंपनीने स्टोकरच्या कादंबरीवरून सिनेमा काढला, नावं बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक केला, पण श्रेयनामावलीत स्टोकरचं नाव सरळ टाकलं. संदर्भ दिला, परवानगी घेतली नाही. (दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्याच्या पेपरमधली आकृती थिसिसमध्ये चिकटवताना आठवा.) स्टोकरच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या. कंपनीचं दिवाळं वाजलं, आणि १९२५ मध्ये निकाल लागला की सगळ्या प्रती नष्ट करा. आज आपण जो सिनेमा बघतो तो या आदेशातून निसटलेल्या प्रतींवरून जोडलेला आहे.

त्या प्रतींची एक गंमत आहे. ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून चालतो, तो प्रसंग तुम्ही काळ्यापांढऱ्या प्रतीत पाहिलात तर लख्ख ऊन दिसतं. मग लोक हसतात, की उन्हाने मरणारा व्हॅम्पायर उन्हात कसा? तर मूळ प्रतींत रात्रीचे प्रसंग निळ्या रंगात रंगवलेले असत. चित्रीकरण दिवसा, पण निळा रंग दिसला की प्रेक्षकाला कळायचं की ही रात्र. पुढच्या काळ्यापांढऱ्या प्रतींतून तो रंग गेला. आकडे राहिले आणि ग्राफवरची सूची हरवली, तसं झालं. म्हणून बघायचाच तर रंग परत दिलेली प्रत शोधा.

पण खरी गोष्ट शेवटात आहे. 'नोस्फेरातू'मध्ये ऊन एकटं मारत नाही. नायिका एलन एका पुस्तकात वाचते, की एखाद्या निर्मळ स्त्रीने स्वतःहून आपलं रक्त दिलं आणि कोंबडा आरवेपर्यंत त्याला वेळेचं भान राहू दिलं नाही, तरच हा संपेल. नवऱ्याने तिला ते पुस्तक वाचायला मनाई केलेली असते. गावात प्लेग आलाय, रस्त्यातून शवपेट्यांच्या रांगा चालल्यात. समोरच्या घराच्या खिडकीत ऑरलॉक उभा आहे. आणि एलन उठून आपली खिडकी उघडते. मग ती प्रसिद्ध सावली जिना चढते. पहाटे तो तिच्या उशाशीच असतो, उन्हात विरून जातो, आणि एलनही मरते.

म्हणजे मूळ नियम असा होता: ऊन, अधिक एका बाईचा जीव. पुढच्यांनी अर्धाच उचलला. एलन गळाली, ऊन राहिलं. मला हे कळलं तेव्हा माझा तो ॲनॉफिलिसचा आकडा आठवला. त्याचंही तसंच झालं होतं, आकडा पुढे आला आणि त्याची अट मागे राहिली.

मुर्नाऊला ऊनच का सुचलं असेल, याचं उत्तर माझ्या मते सिनेमा या वस्तूत आहे. पडद्यावरचा माणूस प्रकाश आणि सावलीचाच बनलेला असतो. कादंबरीत सुरा चालतो, पण सावलीला सुऱ्याने कसं मारणार? दिवा लावला की ती जाते. आणखी एक प्रसंग विज्ञानवाल्यांसाठी खास. प्रोफेसर बुल्वर विद्यार्थ्यांना कीटक खाणारी वनस्पती दाखवतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली एक पारदर्शक, हातांनी भक्ष्य पकडणारा पॉलिप. ती दृश्यं खरी आहेत, जीवशास्त्राच्या तासाला दाखवतात तशी. भुताच्या गोष्टीच्या मधोमध मुर्नाऊ सांगतो की रक्त पिणारं, आरपार दिसणारं काहीतरी निसर्गात आहेच. मला अख्ख्या सिनेमात हे सगळ्यात भीतिदायक वाटलं, पण मी रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते, तेव्हा माझं मत पक्षपाती धरा.

पुढचे दोन मोठे सिनेमे पटकन सांगते. टॉड ब्राउनिंगचा 'ड्रॅक्युला' (१९३१) बेला लुगोसीच्या आवाजासाठी आणि पहिल्या वीस मिनिटांसाठी बघा, नंतर तो दिवाणखान्यात येऊन बसतो आणि उठतच नाही. त्याच सेटवर रात्रपाळीत स्पॅनिश आवृत्ती चित्रित झाली, ती मला जास्त जिवंत वाटते. टेरेन्स फिशरचा १९५८ सालचा 'ड्रॅक्युला' रंगीत आहे, ख्रिस्तोफर ली उंच आणि जवळजवळ मुका, पीटर कुशिंग चपळ. शेवटी कुशिंग लांबलचक टेबलावरून धावत जाऊन खिडकीचा पडदा खेचतो, दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस धरतो आणि लीची राख होते. प्रसंग झकास आहे. पण बघा, पडदा कोणी खेचला? नायकाने. किंमत किती? एक पडदा. एलनचा हिशेब इथे मिटला. रॉबर्ट एगर्सने २०२४ मध्ये 'नोस्फेरातू' पुन्हा केला, तेव्हा शेवट एलनला परत दिला. तो सिनेमा मला जरा अंधारलेला आणि लांबलेला वाटला, पण संदर्भ त्याने मुळातून घेतलाय एवढं नक्की.

ऊन या नियमाशी नुसतं खेळून मजा आणलीय ती कॅथरिन बिगेलोने 'निअर डार्क'मध्ये (१९८७). मोटेलच्या अंधाऱ्या खोलीत व्हॅम्पायर अडकलेत, बाहेर पोलीस आणि भर दिवस. पोलीस गोळ्या झाडतात. गोळ्यांनी यांचं काही होत नाही, पण भिंतीला पडलेल्या प्रत्येक भोकातून उन्हाची एक तिरीप आत येते, आणि पळायचं ते तिच्यापासून. नियम एकच, पण दिग्दर्शिकेने तो भूमितीसारखा वापरलाय.

आता दुसरा नियम: चावला की दुसरा तयार होतो. इथे कॅल्क्युलेटर घ्या. एक व्हॅम्पायर, महिन्याला एक माणूस, आणि चावलेला प्रत्येकजण व्हॅम्पायर. दर महिन्याला संख्या दुप्पट. दहाव्या महिन्यात १,०२४, विसाव्या महिन्यात दहा लाखांच्या पुढे, तेहेतिसाव्या महिन्यात ८५९ कोटी, म्हणजे पृथ्वीवर तेवढी माणसंच नाहीत. कोस्टास एफथिमिऊ आणि सोहंग गांधी या दोघांनी २००६ च्या सुमारास हे गणित सन १६०० च्या लोकसंख्येवर मांडलं होतं, त्यांच्या हिशेबात अडीच वर्षांत माणूस संपतो. म्हणून व्हॅम्पायर नाहीत, असा निष्कर्ष. पेपर मजेशीर आहे, पण त्यातलं गृहीतक तपासा: चावलेला प्रत्येकजण. कोण म्हणालं प्रत्येकजण?

याचं उत्तर मला एका स्वीडिश सिनेमात मिळालं. टॉमस आल्फ्रेडसनचा 'लेट द राइट वन इन' (२००८), पटकथा मूळ कादंबरीकार यून अय्विदे लिंडक्विस्टचीच. स्टॉकहोमचं ब्लाकेबेरी हे उपनगर, १९८० च्या दशकाची सुरुवात, सगळीकडे बर्फ. बारा वर्षांचा ऑस्कर शाळेत मार खातो, शेजारी एली राहायला येते. ती बारा वर्षांचीच आहे, पण बऱ्याच काळापासून. पुलाखाली ती एका माणसाचं रक्त पिते आणि पिऊन झाल्यावर त्याची मान मोडते. पहिल्यांदा बघताना वाटतं, हे काय अघोरी. दुसऱ्यांदा कळतं की ती संख्या रोखतेय. मान मोडली नाही तर तो उठेल. कोणी समजावून सांगत नाही, व्हाइटबोर्ड नाही, भाषण नाही. चक्रवाढीचं गणित एका लहान मुलीच्या हातांच्या हालचालीत बसवलंय.

आणि एकदा ती हालचाल राहून जाते. व्हर्जिनिया नावाच्या बाईवर एली झडप घालते तेव्हा तिचा मित्र लाथ मारून एलीला हुसकावतो. बाई वाचते. म्हणजे बदलायला लागते. मांजरं तिच्यावर तुटून पडतात, ती हॉस्पिटलात पोचते, आपल्याला काय झालंय हे तिला कळतं. सकाळी ती कर्मचाऱ्याला सांगते की खिडकीचा पडदा उघडा. तो बिचारा उघडतो. हा पडदा १९५८ च्या पडद्याशेजारी ठेवून बघा. ऊन तेच, आग तीच, पण इथे कोणी जिंकत नाही. स्वतःचा हिशेब स्वतः चुकता करणारी एक मध्यमवयीन बाई आहे, आणि काय करतोय हे माहीत नसलेला एक कर्मचारी.

मला आणखी एक जागा लागली. एलीबरोबर राहणारा होकान तिच्यासाठी माणसं मारून डब्यात रक्त आणतो, आणि दर वेळी फसतो. रक्तपिपासू वटवाघळांत उपाशी राहिलेल्या सोबतिणीला दुसरी आपल्या पोटातलं रक्त तोंडाने परत काढून पाजते, हे जेराल्ड विल्किन्सनने १९८४ मध्ये दाखवून दिलं. दोन-तीन रात्री उपास घडला तर ते वटवाघूळ मरतं, म्हणून ही सोय. रक्त तसं निकृष्ट अन्न आहे, पाणी आणि प्रथिनं, चरबी जवळजवळ नाहीच. त्यावर जगणाऱ्याला कोणाची तरी साथ लागतेच. बहुतेक सिनेमांतले व्हॅम्पायर महालात एकटे, रुबाबात राहतात. या सिनेमात रक्त पिणं ही रोजची धावपळ आहे, त्यात चुका होतात, डबा सांडतो, कुत्रा येतो. हे मला खरं वाटतं.

गंमत म्हणजे 'ट्वायलाइट' त्याच वर्षीचा. त्यात उन्हाचा नियम बदलून टाकलाय: व्हॅम्पायर उन्हात जळत नाही, चकाकतो. नियम बदलायला माझी हरकत नाही, मुर्नाऊनेही बदललाच होता. पण चकाकण्याची किंमत काय, तर थोडं ढगाळ गावात राहावं लागतं. शाळेत असताना मला तो भयंकर आवडला होता, हेही सांगून टाकते.

नियम सगळेच खोटे निघाले तर? हा प्रश्न जॉर्ज रोमेरोने सत्तरच्या दशकात 'मार्टिन'मध्ये विचारला. पेनसिल्व्हेनियातलं ब्रॅडॉक हे ओस पडत चाललेलं पोलादाचं गाव. मार्टिनला सुळे नाहीत, त्याच्याकडे इंजेक्शनची सुई आणि ब्लेड आहे. त्याच्या म्हाताऱ्या नातेवाइकाने घरभर लसूण टांगलाय, तर मार्टिन तो लसूण कचकन चावून दाखवतो आणि सांगतो, जादू नसते. तो आजारी मुलगा आहे की खरंच पिशाच्च, हे सिनेमा शेवटपर्यंत ठरवत नाही. म्हाताऱ्याचं मात्र आधीच ठरलंय. पुरावा त्याच्या विरुद्ध जातो तेव्हा तो पुरावाच दुर्लक्षितो. अशा प्रकारचे लोक तुम्हाला सेमिनारमध्येही भेटतील, त्यांच्या हातात फक्त खुंटी नसते.

गिलेर्मो देल तोरोचा 'क्रोनोस' (१९९३) मी कामामुळे दोनदा पाहिला: सोन्याचं एक यंत्र, आत जिवंत कीटक, जो माणसाचं रक्त गाळून त्याला अमरपण देतो. मेक्सिकोतला म्हातारा पुराणवस्तू विक्रेता नववर्षाच्या पार्टीत स्वच्छतागृहाच्या फरशीवर सांडलेलं कोणाच्या तरी नाकातलं रक्त चाटतो. अमरपणाची किंमत एवढ्या स्वस्त, पांढऱ्या फरशीवर मांडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आपल्या बाजूचं सांगायचं तर रामसेंच्या 'बंद दरवाजा'पेक्षा (१९९०) मला लाहोरचा 'जिंदा लाश' (१९६७) मजेदार वाटतो. फिशरच्या सिनेमाची छाप स्पष्ट आहे, मध्ये नाचगाणी आहेत, पण त्यात व्हॅम्पायर सरंजामदार नाही, शास्त्रज्ञ आहे. प्रोफेसर तबानी अमृतासारखं रसायन तयार करतो आणि स्वतःच पिऊन बघतो. एथिक्स कमिटी कशासाठी असते, याचं एवढं सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही. आणि हो, वेताळ म्हणजे व्हॅम्पायर नव्हे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळकथा इंग्रजीत नेताना शीर्षकात तो शब्द घातला. आपला वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालतो, कोकणात-गोव्यात तर त्याची देवळं आहेत. एका भाषांतरित शीर्षकावरून तुलनात्मक निष्कर्ष काढणारे लेख मी वाचलेत, म्हणून सांगितलं.

आता माझा पहिला नंबर. तो कोणत्याच लोकप्रिय यादीत पहिला नसतो: एबल फरेराचा 'द ॲडिक्शन' (१९९५). कृष्णधवल, दीड तासाहून कमी, न्यूयॉर्क. नायिका कॅथलीन तत्त्वज्ञानात पीएचडी करतेय. सुरुवातच वर्गात होते, पडद्यावर व्हिएतनाममधल्या माय लाय हत्याकांडाची छायाचित्रं, आणि अपराध नक्की कोणाचा यावर वाद. त्याच रात्री एक बाई कॅथलीनला गल्लीत ओढते. चावण्याआधी तिला सांगते, की मला निघून जा म्हण. म्हणजे नुसतं ठामपणे सांग. कॅथलीन गयावया करते. ती बाई चावते.

'बोलावल्याशिवाय येता येत नाही' या जुन्या नियमाचं हे सगळ्यात क्रूर रूप. नकार देता आला असता, दिला नाहीस, म्हणजे दोष तुझा. पुढे कॅथलीन स्वतःच्या भक्ष्यांना हेच ऐकवते. लिली टेलर ही भूमिका तापातून उठल्यासारखी करते, गॉगल, घाम, लायब्ररीत पुस्तकांच्या रांगा. पहिल्यांदा ती रस्त्यावर झोपलेल्या माणसाच्या हातातून सिरिंजने रक्त काढते आणि आपल्या शिरेत टोचते. तो रक्ताच्या चाचण्यांचा, एड्सच्या भीतीचा काळ होता, सिरिंज तेव्हा नुसती सिरिंज नव्हती. ख्रिस्तोफर वॉकेन थोडा वेळ येतो, वर्षानुवर्षं उपास करून भूक ताब्यात ठेवलेला जुना व्हॅम्पायर म्हणून, आणि तिला बोलून बोलून उलटी करतो. काही संवाद जड आहेत, तत्त्वज्ञांची नावं फेकल्यासारखी येतात, हे खरं. पण पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात माणूस असाच बोलतो. माझे तेव्हाचे मेसेज पुराव्याला आहेत.

मग पदवीची पार्टी. प्रबंध मंजूर झालाय, प्राध्यापक, डीन, सगळे जमलेत, हातात पेले. कॅथलीन नम्रपणे म्हणते, की इतक्या वर्षांच्या अभ्यासात जे शिकले त्यातलं थोडं तुमच्याबरोबर वाटून घेते. पुढे काय होतं ते बघा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले होते, जोरात, रात्री बाराला, हॉस्टेलच्या खोलीत. त्या आठवड्यात माझा सिनॉप्सिस दुसऱ्यांदा परत आला होता, आणि ते हसणं चांगलं नव्हतं, हे मला लगेच कळलं. मी त्या पार्टीत कॅथलीनच्या बाजूने होते. सिनेमाला तेच हवं असतं. तो तुम्हाला खाऊ देतो आणि मग अपचन कोणाचं, हे विचारतो.

कारण कॅथलीनला ते रक्त पचत नाही. ती हॉस्पिटलात पोचते. मरायचं असतं. नर्सला म्हणते, खिडकीचे पडदे उघड. व्हर्जिनियाने केली तीच विनंती, तेरा वर्षं आधी. नर्स उघडते, ऊन आत येतं. आणि तिला गल्लीत चावलेली ती बाई खोलीत उभी असते. ती पडदे बंद करते. इतकं स्वस्तात सुटता येणार नाही, असं. शेवटच्या दृश्यात कॅथलीन स्वतःच्याच थडग्यावर येते, भर दुपारच्या उन्हात, आणि तिला काही होत नाही.

आमच्या लॅबमधल्या ज्युनियरला मी हा सिनेमा फीडिंगच्या रात्री लॅपटॉपवर दाखवला. संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, म्हणजे ती मेली की सुटली?" मी म्हटलं, पुन्हा बघ, आणि मी लिहिलेलं वाचून ठरवू नकोस. साडेअकरा वाजले होते, रक्ताचं भांडं गार होत आलं होतं, आणि पोट भरलेल्या माद्या मोजायच्या राहिल्या होत्या.